ऑस्करविजेते सिनेमे मला कंटाळवाणे वाटतात. पुरस्कार बघून सिनेमा निवडावा का?

तुम्ही लिहिलंय की ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ ठरलेले तीन सिनेमे ओळीने लावलेत आणि तिन्ही अर्ध्यातच बंद केलेत. मग पुरस्कारांवरून सिनेमा निवडावा का, आणि तो लांबलचक सोहळा तरी बघावा का, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत असं की जरूर निवडावा, पण विजेता बघून नाही, नामांकनं बघून. आणि तीही आधी त्या विभागांची बघावीत, ज्यांची नावं पुकारली जात असताना लोक पाणी प्यायला उठतात.

हे मला बाबांमुळे कळलं. त्यांना गेली काही वर्षं कमी ऐकू येतं, म्हणून आमच्याकडे टीव्हीवर सबटायटल्स कायम चालू असतात. तीही कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची, म्हणजे संवादांबरोबर आवाजसुद्धा कंसात लिहून येतात. एका रात्री आम्ही एक रहस्यपट बघत होतो. एक बाई अंधाऱ्या जिन्यात एकटीच उभी, संवाद काही नाही. खाली कंसात शब्द उमटले, ‘घड्याळाची टिकटिक’. बाबांनी विचारलं, “अगं, घड्याळ कुठंय?” मी पडदाभर शोधलं, घड्याळ नव्हतंच. मागे नेऊन आवाज वाढवला, तर खरोखर अगदी बारीक टिकटिक चालू होती, आणि बाईनं पहिली पायरी उतरताच ती बंद पडत होती. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला होता, तो का, हे तेव्हा उमगलं. कोणीतरी तासन्‌तास बसून ती टिकटिक तिथं ठेवली होती आणि नेमक्या पायरीवर काढून घेतली होती. मला ती ऐकूच गेली नव्हती. बाबांनी वाचली, म्हणून सापडली.

तेव्हापासून आम्ही दोघं ऑस्करमधल्या ध्वनीच्या पुरस्काराची वाट बघतो. पूर्वी तिथं ध्वनीसाठी दोन पुरस्कार होते. एक, आवाज घडवून जागच्या जागी बसवणाऱ्यांचा. दुसरा मिक्सिंगचा, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज यांचा मेळ घालणाऱ्यांचा. २०२१च्या सोहळ्यापासून दोन्हींचा मिळून एकच झाला, आणि तो पहिलाच एकत्रित पुरस्कार ‘साउंड ऑफ मेटल’ला मिळाला. ऐकू येणं अचानक कमी होत गेलेल्या एका ड्रमवादकाची ती गोष्ट आहे. त्यात एका क्षणी आपण बाहेरचं जग ऐकत असतो आणि दुसऱ्या क्षणी त्या माणसाच्या कानांत शिरतो. तिथं सगळं दबलेलं, पाण्याखालून आल्यासारखं. तो सिनेमा लावला त्या दिवशी बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, “मला कसं ऐकू येतं ते तू इतकी वर्षं विचारतेस ना? हे असं.” निव्वळ विजेत्या सिनेमांच्या मागे लागले असते तर हा सिनेमा माझ्याकडून राहूनच गेला असता, कारण त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट वेगळा होता.

आता विजेत्यापेक्षा नामांकनांवर माझा भरवसा का, ते सांगते. बहुतेक विभागांत नामांकनं त्या त्या कामातली माणसं ठरवतात. संकलक, म्हणजे दृश्यं कापून जोडणारे, संकलकांना निवडतात, छायालेखक, म्हणजे कॅमेरा सांभाळणारे, छायालेखकांना. अंतिम मतदान मात्र ऑस्कर देणाऱ्या अकादमीचे सगळे सदस्य करतात. ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ची तर पद्धतच निराळी आहे. तिथं सदस्य सिनेमांना पसंतीक्रम देतात. ज्याला पहिल्या पसंतीची मतं सगळ्यांत कमी, तो बाद होतो आणि त्याची मतं त्या मतदारांच्या पुढच्या पसंतीकडे जातात. कोणा एकाला निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत हे चालतं. अशा मोजणीत थोड्यांना जीव की प्राण असलेल्या सिनेमापेक्षा बहुतेकांना बरा वाटलेला सिनेमा पुढे सरकतो. त्यामुळे विजेता तुमच्या मनात भरला नाही, तर तुमच्या आवडीत काहीच खोट नाही. रहस्यपटांसाठी गाजलेल्या हिचकॉकला दिग्दर्शनासाठी पाच नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकदाही नाही. त्याचे सिनेमे आजही झोप उडवतात.

सोहळ्याबद्दल थोडक्यात सांगते. १९२९चा पहिला सोहळा पंधरा मिनिटांत आटोपला होता, आणि विजेते तर काही महिने आधीच जाहीर झालेले होते. १९५३पासून तो टीव्हीवर आला आणि आता तीन तासांच्या पुढे जातो. तुम्हाला कंटाळा येत असेल तर सगळा बघू नका. पण कापाकापी करणाऱ्यांनी चुकीच्या जागी कात्री लावली याचा मला अजून राग आहे. २०२२ मध्ये संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत, रंगभूषा यांसह आठ पुरस्कार थेट प्रक्षेपण सुरू व्हायच्या आधीच देऊन टाकले आणि मग त्यांचे तुकडे मध्ये मध्ये दाखवले. विनोद, गाणी, पाहुण्यांची थट्टामस्करी सगळं थेट, आणि ज्यांच्या हातांनी सिनेमा उभा राहिला त्यांचं आधी उरकलेलं! पुढच्या वर्षी ते सगळे विभाग थेट प्रक्षेपणात परत आले, ते फार बरं झालं. केविन ओकॉनेल या मिक्सिंग करणाऱ्या माणसाला वीस वेळा नामांकन मिळून पुरस्कार हुकला होता आणि २०१७ मध्ये, एकविसाव्या खेपेला, तो मिळाला. एवढ्या वर्षांनी माणूस मंचावर येतो तो क्षण आधी चित्रित करून ठेवलेल्या तुकड्यात कसा मावणार?

बघण्याच्या सवयीचं विचाराल तर मी एकच पाळते. सिनेमा लावला की फोन दुसऱ्या खोलीत. संकलनाचं काम एकेका सेकंदाचं असतं आणि मान खाली घातली की तेच निसटतं. भाग ओळीने बघत बसायच्या मालिकांना मी हा नियम लावत नाही. त्या मी कामं करता करता बघते.

तुम्ही अर्ध्यात सोडलेल्या तीन सिनेमांना आणखी कुठल्या विभागांत नामांकनं होती, ते एकदा काढून बघा. ध्वनी किंवा संकलन असेल, तर सुरुवातीपासून बघायची गरज नाही. जिथं सोडलात त्याच्या आधीचा एक प्रसंग हेडफोन लावून, डोळे मिटून ऐका आणि मग तोच डोळे उघडून बघा. सिनेमांची नावं कळवलीत आणि त्यातला एखादा मी पाहिलेला असेल, तर कुठला प्रसंग लावायचा ते सांगेन. बाबांनाही विचारते, त्यांनी अशा जागा वहीत लिहून ठेवल्यात.