एचडीएमआयने नवा मॉनिटर जोडला आणि स्पीकरचा आवाज बंद झाला, काय करावं?

बहुधा स्पीकर बिघडलेले नाहीत, आवाज भलतीकडे जातोय. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, म्हणून विंडोज मॉनिटरलाच आवाज पाठवू लागतं. मग त्या मॉनिटरला स्पीकर असोत वा नसोत.

विंडोज ११ मध्ये खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा, आवाजाच्या पट्टीशेजारचं बटण दाबा आणि यादीतून मॉनिटरऐवजी ‘स्पीकर्स’ निवडा. बहुतेकांचं काम इथेच होतं. रीस्टार्टनंतर पुन्हा तेच झालं, तर सेटिंग्ज, सिस्टिम, साउंड, मोअर साउंड सेटिंग्ज असं जा. ‘प्लेबॅक’मध्ये मॉनिटरवर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. गाणं चालू ठेवूनच हे करा: ज्या नावाशेजारची हिरवी पट्टी वरखाली होते, आवाज तिकडे जातोय.

स्पीकर्सशेजारची पट्टी हलतेय आणि तरी शांतता? मग वायर बघा. सीपीयूच्या मागे पिन हिरव्या जॅकमध्येच हवी; गुलाबी माइकचा, निळा लाइन-इनचा. पिन अर्धवट बसली तर कधी एकाच स्पीकरमधून आवाज येतो. स्पीकरची स्वतःची वीज आणि आवाजाची खुंटीही बघा, ती कुणीतरी शून्यावर नेलेली असते.

ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला स्पीकर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, पुन्हा टाकायचा खटाटोप सगळ्यात शेवटी, तोही यादीत ‘स्पीकर्स’ दिसतच नसेल तर.