बटकर, रखमाबाई आणि आपल्यातल्या बायका

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

परवा गाडीत तू विचारलंस, "आई, बटकर बोलला तेच आपल्यात पण असतं ना? बाईने घर बघायचं. मग तू एवढी का चिडतेस?" तेवढ्यात सिग्नल सुटला, मागच्याने हॉर्न मारला आणि विषय तिथेच राहिला. आता त्या बटकरबद्दल, म्हणजे आपल्या कॅन्सस सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या, चीफ्सच्या किकरबद्दल आणि पदवीदानाच्या त्याच्या त्या भाषणाबद्दल निवांत लिहिते. मराठीतच लिहिते, कुठे अडलं तर बाबांना विचार.

त्याच्या किकबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. हॅरिसन बटकर २०१७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, सातव्या फेरीत, २३३वा निवडला गेला. ज्या कॅरोलायनाच्या टीमने घेतला, तिथे तो मुख्य हंगामातला एकही सामना खेळला नाही. आपल्या चीफ्सचा किकर जखमी झाला म्हणून याला बोलावलं. पहिल्याच सामन्यात पहिली किक हुकली आणि शेवटच्या काही सेकंदांत त्यानेच सामना जिंकून दिला. २०२३चा सुपर बोल, वर्षाचा अंतिम सामना, आठवतो? मैदान घसरडं, पहिल्या अर्ध्यात ४२ यार्डांवरची किक खांबावर आपटून बाहेर गेली. तरी शेवटची ८ सेकंद उरली असताना २७ यार्डांवरून त्यानेच काम केलं. पुढच्या वर्षी ५७ यार्डांची किक, सुपर बोलमधली तोवरची सगळ्यात लांब. चेंडू मागे येतो, दुसरा तो टेकवतो, शिवण फिरवतो आणि दीड सेकंदाच्या आत किक जायला हवी, हे तू मला परसात झाडूची काठी उभी करून शिकवलंयस. तू शाळेच्या टीमसाठी किक मारतेस, तुला तो आवडणारच.

आता भाषण. ११ मे २०२४, कॅन्सस राज्यातल्या ॲचिसनचं बेनेडिक्टाइन कॉलेज, इथून गाडीने तासाभराच्या आत. पदवीदान समारंभ. बटकर कट्टर कॅथलिक आहे, लॅटिनमधली जुनी उपासना मानणारा. गर्भपात, आयव्हीएफ, सरोगसी, बायडन, समलिंगी लोकांचा प्राइड महिना, सगळ्यांचा त्याने समाचार घेतला. यातलं बरंचसं मला पटत नाही, पण ते त्याच्या श्रद्धेतून येतं आणि तो लपवत नाही, एवढं मी मानते. पुढे त्या वर्षीच्या निवडणुकीआधी त्याने स्वतःची राजकीय समिती काढली, सेनेटर हॉली यांना उघड पाठिंबा दिला. तो त्याचा हक्क आहे.

मी चिडले ती वेगळ्या जागी. समोर पदवी घ्यायला बसलेल्या मुलींना तो म्हणाला की सगळ्यात जास्त खोटं तुम्हाला सांगितलं गेलंय. तुमच्यातल्या काही जणी नोकरीत नाव काढतील, पण बहुतेकींना ओढ असेल ती लग्नाची आणि होणाऱ्या मुलांची. त्याची बायको म्हणे स्वतःच सांगेल की तिचं आयुष्य खरं सुरू झालं ते बायको आणि आई झाल्यावर. अगं, सांगेल तर सांगू दे की! ती घरी राहते, तिला त्यात समाधान आहे, छानच आहे. पण माइक याच्या हातात आहे. आणि ज्या बाईने याला वाढवलं, ती याची आई, अटलांटात एमरी विद्यापीठात मेडिकल फिजिसिस्ट आहे. कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशन किती आणि कसं द्यायचं, ते त्या शास्त्रातलं काम. तिच्याकडे बघून हा माणूस हे कसं बोलला, हे मला अजून उमगत नाही.

त्याला सगळ्यात चोख उत्तर दिलं ते त्याच कॉलेजच्या स्थापनेत वाटा असलेल्या नन्सनी. घर सांभाळणं हेच बाईचं सर्वोच्च कर्तव्य, हे आम्हाला मान्य नाही, आम्ही १६० वर्षं मुलींना शिकवत आलोय, असं त्यांनी जाहीर केलं. म्हणजे तो 'आमच्यात असं असतं' म्हणाला आणि त्याच्याच धर्मातल्या बायका उठून म्हणाल्या, नसतं.

आपल्यातही हेच झालंय, सई. आपल्यात म्हणजे नक्की कोणाच्यात, ते आधी बघ. बीडकडचे लोक ऊसतोडीला जातात तेव्हा नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, उचल त्या जोडीला मिळते. तिथल्या बाईला घर बघ म्हणून कोण सांगणार? मुंबईच्या कोळणी पहाटे धक्क्यावर असतात. बाई उंबऱ्याच्या आत हवी, ही चैन थोड्या घरांना परवडली आणि तीच रीत म्हणून मिरवली गेली.

आणि त्या थोड्या घरांतही भांडणं काय कमी झाली? मुंबईच्या रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी लावलं. मोठी झाल्यावर ती म्हणाली, मी या माणसाकडे नांदायला जाणार नाही. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. १८८७ साली कोर्टाने सांगितलं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग चालेल. शेवटी पैसे देऊन प्रकरण मिटलं, ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत, राजकोटला तिने बायकांवर उपचार केले. तेव्हा तिच्यावर टीकेची झोड उठवणाऱ्यांत टिळकांचा 'केसरी' होता. हो, तेच टिळक. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तिथे मुलींना काय शिकवावं यावरूनही ते भांडले. त्यांचे मित्र आगरकर मुलींच्या बाजूने लिहायचे, तर पुणेकरांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. मग सांग, आपली रीत कोणती, टिळकांची की आगरकरांची की रखमाबाईची?

आजी बाईने घर बघावं म्हणते, हे खरं. पण तिने जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. पहाटे भाकऱ्या थापून, डबे भरून एसटी पकडायची, मस्टरवर सही उशिरा झाली तर हेडमास्तरांचं ऐकून घ्यायची. पगार झाला की आजोबांच्या हातात द्यायची, ते खरं, पण नोकरी सोड म्हटल्यावर तिने जेवण सोडलं होतं. ती बोलते एक आणि जगली दुसरंच.

एक मात्र बटकरचं मला बरं वाटतं. तो तोंडावर बोलतो. आपल्या मंडळाच्या गणपतीत असं भाषण कोणी करणार नाही, सगळे पुरोगामी. पण उकड मळायला, मोदक वळायला, शेवटी पातेली घासायला कोण असतं? आणि साउंड सिस्टिमच्या वायरी, माइक, हॉलची चावी कोणाकडे असते? गेल्या वर्षी बायका आरतीच्या वेळी किचनमध्येच होत्या, 'घालीन लोटांगण' आतूनच म्हटलं. मी पण त्यांतच होते. हे कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं, म्हणून त्याविरुद्ध सह्यांची मोहीमही निघाली नाही. बटकरविरुद्ध मात्र दोन लाखांवर सह्या झाल्या. आणि त्या वादात त्याची जर्सीही धडाक्यात खपली.

ती सात नंबरची तू स्वतःच्या पैशाने घेतलीयस. घालायची की नाही ते तू ठरव. मंडळात कोणी काही बोललं तर उत्तर तुझं तू द्यायचंस, मी मध्ये पडणार नाही. नीलला मात्र आजच सांगून ठेव: या वर्षी मोदक वळायला तो आणि बाबा बसणार आहेत, आणि सारण खाऊन संपवलं तर नारळ पण तेच खवणार आहेत.

तुझी,
आई