नऊ लाख घेऊन गावी जावं, की अठ्ठावन्नपर्यंत प्रेसवर उभं राहावं?

वाळूजहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ५५ वर्षं ३ महिने. १९९७ पासून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या यंत्रांवर. सेवेची २९ वर्षं पूर्ण. निवृत्ती ५८ला, म्हणजे अजून ३३ महिने. महिन्याला हातात ४१ हजार पडतात. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार. कंपनीनं स्वेच्छानिवृत्तीचं पत्रक लावलंय : ग्रॅच्युइटी वेगळी, वर ९ लाख. पीएफमध्ये २४ लाख जमा आहेत. हे बजाजनगरात खोली करून राहतात. बायको आणि आई सेलू तालुक्यातल्या गावी. पाच एकर कोरडवाहू जमीन आहे, ती एकरी १२ हजारांनी ठोक्यानं, म्हणजे वर्षाच्या ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला दिलेली. मुलगी सासरी सुखात, मुलगा पुण्यात नोकरीला, त्याचं लग्न व्हायचंय. गुडघे बोलायला लागलेत आणि रात्रपाळी झेपत नाही. विचारतात : "सर, सोबतचे सात जण सही करून मोकळे झाले. मी पण ९ लाख घेऊन बोअर मारावा, दोन म्हशी घ्याव्यात आणि शेती करावी, की कसंतरी अठ्ठावन्न गाठावं?"

भाऊ, आधी उत्तर सांगतो. सही करा. पण बोअर नको, म्हशी नकोत, आणि ठोका यंदा मोडू नका.

तुम्ही पत्रात ४१ हजार आणि ९ लाख यांची तुलना केलीय, तिथंच हिशेब चुकतोय. ३३ महिने थांबलात तर हातात येतील १३ लाख ५३ हजार. तुमचा आणि कंपनीचा मिळून पीएफमध्ये महिन्याला जवळपास ५ हजार भर पडते, तिचे झाले १ लाख ६५ हजार. ग्रॅच्युइटी आज सोडलं तर सेवेच्या दर वर्षामागे १५ हजार, गुणिले २९ वर्षं, म्हणजे ४ लाख ३५ हजार. अठ्ठावन्नला सोडलं तर सेवा ३१ वर्षं ९ महिने होईल, ती ३२ धरतात, म्हणजे ४ लाख ८० हजार. फरक ४५ हजारांचा. सगळं मिळून थांबण्याची कमाई १५ लाख ६३ हजार. यातून काम न करता मिळणारे ९ लाख वजा करा. उरतात ६ लाख ६३ हजार, महिन्याला २० हजार.

म्हणजे इथून पुढे तुम्ही ४१ हजारांवर काम करत नाही आहात, २० हजारांवर करताय. त्यातून खोलीभाडं ५,५०० आणि तुमचं वेगळं खाणंपिणं, गावी येणंजाणं, हे तुमच्याच आकड्यांनी आणखी साडेचार हजार. गावी गेलात की हे दहा हजार वाचतात. राहिले दहा हजार. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर पाळीमागे पावणेचारशे-चारशे रुपये. सोयाबीन काढणीला तुमच्या गावचा गडी याहून कमी घेत नाही, आणि त्याला रात्रपाळी नसते.

ही जागा मुद्दाम लांबवली, कारण बहुतेक कामगार इथंच फसतात. काही जण ९ लाखांचा आकडा बघून हुरळतात, काही जण ४१ हजारांच्या सवयीपायी सडत राहतात. पत्रकात ९ ऐवजी ४ लाख असते तर मी तुम्हाला गुडघ्याला पट्टा बांधून थांबा असं सांगितलं असतं.

आता पेन्शन. तुम्ही लिहिता, "पेन्शनीसाठी तरी थांबावं असं सगळे म्हणतात." हे सगळे कोण ते माहीत नाही, पण त्यांनी हिशेब केलेला नाही. पीएफच्या पेन्शन योजनेत पगार कितीही असला तरी मर्यादा १५ हजारांची, आणि सप्टेंबर २०१४च्या आधीच्या सेवेला ती ६,५०० धरली जाते. पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०, असं सूत्र. त्यानं तुमची आजपर्यंतची पेन्शन चार हजारांच्या आसपास बसते. अठ्ठावन्नपर्यंत काम केलंत तर वाढीव सेवा आणि वीस वर्षांवरच्या सेवेला मिळणारी दोन वर्षांची भर धरून ती पावणेपाच-पाच हजारांवर जाईल. महिन्याला आठशे-हजार रुपयांसाठी कुणी ३३ महिने रात्रपाळी करत नाही.

उलट मी म्हणतो, सोडल्यावर पेन्शन लगेच सुरू करा. अठ्ठावन्नच्या आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कमी होते, तुमची १२ टक्के होईल. म्हणजे चारऐवजी साडेतीन हजार, आणि ती कपात जन्मभर राहते. हे ऐकून लोक घाबरतात. पण ३३ महिन्यांत साडेतीन हजारांनी १ लाख १५ हजारांवर हातात येतात. थांबून जे पाचशे रुपये जास्त मिळणार, त्यांतून ही रक्कम भरून निघायला वीस वर्षं लागतात. ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही. २०१४ मध्ये किमान पेन्शन हजार रुपये ठरली, ती अजून हजारच आहे. मग वीस वर्षांनंतरच्या पाचशे रुपयांसाठी आज का झुरायचं? एक मात्र ध्यानात ठेवा : पुढं पीएफ लागू असलेली दुसरी नोकरी धरायचा विचार असेल, तर पेन्शनचा फॉर्म भरण्याआधी पीएफ कार्यालयात विचारून घ्या.

तुम्ही एक वाक्य लिहिलंय, "गावात माझ्या वयाचे सगळे अजून रानात आहेत, मी बसून खाल्लं तर लोक काय म्हणतील?" लोकांचं सोडा, पण निरीक्षण बरोबर आहे. २०११च्या जनगणनेत खेड्यातले साठीपुढचे पुरुष पाहिले तर शंभरात ६६ काम करत होते, शहरात ४६. खेड्यातला म्हातारा कामाची हौस म्हणून रानात जात नाही. त्याला पेन्शन नाही, म्हणून जातो. कारखान्यातला माणूस सोडतो तो तीन गोष्टींनी : शरीर, घरचं माणूस आणि कंपनीनं पुढं केलेली रक्कम. तुमच्याकडं तिन्ही एका वेळी आल्यात. अडकवणारी कारणंही असतात, घराचा हप्ता, शिकणारं पोर, कंपनीचा विमा. तुमच्याकडं त्यातलं शेवटचंच आहे, त्याकडं येतो. आणि वहिनींचं वय तुम्ही ५१ लिहिलंय. ठोक्याच्या रानात त्या मजुरीनं खुरपायला जातात, सासूचं सगळं करतात. त्यांच्या निवृत्तीचं पत्रक कुणी लावत नाही, म्हणून ही गोष्टही तुमच्या वजाबाकीत धरा.

बोअर आणि म्हशी का नको? मोटर, पाइपलाइन, ठिबक धरून बोअर तीन लाखांना जातो, आणि पाणी लागेलच याची हमी यंत्रवाला देत नाही, भगतही देत नाही. म्हैस पिळायला उकिडवं बसावं लागतं, दिवसातून दोनदा, वर्षाचे बारा महिने. ज्या गुडघ्यांसाठी नोकरी सोडताय ते गुडघे गोठ्यात कुठं ठेवणार? आणि स्वतः सोयाबीन करायचं म्हटलं तर एकरी सात क्विंटल, ४,३०० भाव, १९ हजार खर्च धरा. हातात ११ हजार उरतात. २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ आहे, पण मोंढ्यात तो किती जणांच्या पदरात पडला हे तुम्हीच बघितलंय. ठोक्याचे १२ हजार बसून मिळतात आणि जोखीम ठोकेकऱ्याची. सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत त्याचं पीक वाहून गेलं तेव्हा तुम्ही त्याला दहा हजार सोडलेत असं लिहिलंय. बरं केलंत, पण पीक तुमचं असतं तर काय झालं असतं तेही समजून घ्या.

मग पैसे कुठं? ९ लाख आणि ग्रॅच्युइटीचे ४ लाख ३५ हजार असे १३ लाख ३५ हजार पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. एरवी तिला साठ वर्षं लागतात, पण ५५ पूर्ण झालेल्या आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या माणसाला ती मिळते. अट एवढीच की निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायचं. व्याज सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला २७ हजारांवर, म्हणजे महिन्याला ९,१००. पेन्शन साडेतीन हजार, ठोका महिन्याला ५ हजार. झाले १७,६००. गावचा खर्च तुम्ही आईच्या औषधांसह २१ हजार लिहिलाय. साडेतीन हजारांची तूट राहते, वर्षाला ४०-४२ हजार. सेलू, मानवत, परतूर भागात कापसाच्या हंगामात जिनिंगला मशीन समजणारा माणूस लागतो. हंगामातले तीन महिने दिवसपाळी केलीत तरी तूट भरून वर उरेल.

पीएफचे २४ लाख तसेच राहू द्या. ५५ नंतर निवृत्त झालेल्याच्या खात्यावर तीन वर्षं व्याज चालू राहतं. नोकरी सोडल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, पण तुमच्या उत्पन्नात त्याचा भार यायचा नाही. २०२४-२५चा ८.२५ टक्के दर टिकला तर अठ्ठावन्नपर्यंत हे २९ लाखांच्या पुढं जातात. पोराच्या लग्नाचा खर्च यातून, आणि आकडा आज ठरवून त्याला सांगा. पतसंस्थेचा बारा टक्केवाला एजंट तुमच्या आधी गावात पोचलेला असेल. बीडपासून संभाजीनगरपर्यंत २०२३ पासून ज्या पतसंस्था आणि मल्टिस्टेट सोसायट्या बुडाल्या, त्यांत निवृत्त माणसांचेच पैसे जास्त अडकलेत. बँकेतल्या ठेवीला असतं तसं पाच लाखांचं विमा संरक्षण तिथं नसतं. भाचा असो की भाऊजी, त्याला सांगा पोस्टात अडकलेत.

सही करायच्या आधी कागद नीट वाचा. ऑफिसातून पुढं येणाऱ्या कागदावर "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा" असं छापलेलं असेल तर पेन खाली ठेवा. पत्रावर आणि सेवामुक्तीच्या दाखल्यावर "स्वेच्छानिवृत्ती योजनेअंतर्गत" हे शब्द पाहिजेत. त्या शब्दांवर दोन गोष्टी अवलंबून आहेत : ९ लाखांपैकी ५ लाखांची करमाफी आणि पोस्टातलं खातं. उरलेले ४ लाख पगारात धरले जातील. नव्या करप्रणालीत वर्षाचं उत्पन्न १२ लाखांच्या आत राहत असल्यानं कर बसू नये. शिल्लक रजेचे पैसे ९ लाखांत धरलेत की वेगळे, तेही लेखी घ्या. सात जणांपैकी कुणाचा तरी कागद आणून बघा.

आणि विमा. कंपनीची मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपेल. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, जुन्या वर्षांचा फायदा धरून. पण अर्ज नोकरीत असतानाच करायचा. नवीन पॉलिसी घेतलीत तर जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि गुडघे तुमचे जुनेच आहेत. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढा हप्ता हलका. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतचे ठरावीक उपचार यादीतल्या रुग्णालयांत होतात, पण गोळ्या-औषधं आणि तपासण्यांचा रोजचा खर्च त्यात येत नाही. वर्षाला ३०-३५ हजारांचा हप्ता धरून चाला. जिनिंगचा चौथा महिना त्यासाठी.

पाडव्याला ठोक्याचं साल बदलतं. त्याच माणसाला चार एकर पुन्हा द्या, विहिरीकडचा एक एकर ठेवून घ्या. ठोक्याचे १२ हजार कमी येतील, महिन्याला हजार. तेवढी भाजी आणि डाळ रानातून घरात यायला पाहिजे. वर्षभर तो एक एकर करून बघा, मग पुढच्या पाडव्याला म्हशींचं मला पुन्हा विचारा.