आर्थिक विचारांचा इतिहास कशासाठी वाचायचा?

तुम्ही विचारलंय: बडोद्यात एम.ए. करतोय, 'आर्थिक विचारांचा इतिहास' हा पेपर आहे. जी मतं मागे पडली ती पाठ कशाला करायची, आणि यात तत्त्वज्ञान कुठून आलं?

पाठ करूच नका. अर्थशास्त्रातलं जुनं मत सहसा कायमचं निकालात निघत नाही. भांडण आकड्यांचं असतं तितकंच 'कुणाचं भलं धरायचं' याचंही असतं, आणि हा दुसरा भाग कुठल्याही आलेखाने मिटत नाही. तत्त्वज्ञान नेमकं तिथे आहे.

अर्थशास्त्राचा जनक म्हणतात तो अ‍ॅडम स्मिथ ग्लासगोला नीतिशास्त्र शिकवायचा. 1776 च्या 'वेल्थ ऑफ नेशन्स' या ग्रंथात पहिल्याच प्रकरणात टाचणीचा कारखाना येतो. काम सुमारे 18 क्रियांत वाटलं की 10 माणसं दिवसाला 48,000 च्या वर टाचण्या काढतात. गाइडं इथेच थांबतात. त्याच ग्रंथाच्या पाचव्या भागात तो म्हणतो की जन्मभर एक-दोन सोप्या क्रिया करणाऱ्याची बुद्धी बोथट होते, म्हणून सामान्यांच्या शिक्षणाकडे सरकारने बघावं. श्रमविभागणी तीच, हिशेब दोन. परीक्षेत दुसरा क्वचितच कुणी लिहितं.

आता घरचं उदाहरण. 1893 मध्ये सरकारने टाकसाळी चांदीच्या खुल्या नाणेपाडणीला बंद केल्या, म्हणजे कुणीही चांदी देऊन रुपये पाडून घेण्याची सोय थांबली. पुढे रुपया 1 शिलिंग 4 पेन्सवर बसला, म्हणजे पौंडाला 15 रुपये. 1927 मध्ये कायद्याने तो 1 शिलिंग 6 पेन्स झाला. कागद घ्या. शिलिंगचे 12 पेन्स, म्हणजे नवा रुपया 18 पेन्सचा. पौंडाचे 240 पेन्स, भागिले 18, म्हणजे पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै. 10 पौंडांचा कापूस परदेशी विकला तर आधी 150 रुपये यायचे, आता 133 रुपये 5 आणे 4 पै (परदेशातला भाव तोच धरून). शेतसारा मात्र रुपयांतच ठरलेला. उलट सरकारला विलायतेत 10 लाख पौंड पाठवायला 150 लाखांऐवजी साधारण 133 लाख पुरले. आयात करणारा खूश, गिरणीमालक जुन्या 16 पेन्ससाठी भांडतायत. दर हा म्हणे तांत्रिक विषय!

याच रुपयावर आंबेडकरांचा 1923 चा प्रबंध आहे. 1913 मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेलेले तेच. त्याच 1913 मध्ये केन्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या सुवर्ण विनिमय पद्धतीची (देशात चलन रुपयाचंच, पण त्याचा परदेशी दर सोन्याशी बांधलेला) भलामण केली होती. आंबेडकरांचा आक्षेप असा की या पद्धतीत रुपये पाडण्यावर खरा लगाम नाही. नुसता विनिमय दर धरून ठेवून भागत नाही, रुपयाची देशातली खरेदीशक्ती स्थिर हवी. म्हणून रुपये पाडणं बंद करून सोन्याचं नाणं चलनात आणा. हा उपाय आज कुणी करणार नाही, पण आधी काय स्थिर ठेवायचं, दर की किमती, हा प्रश्न रिझर्व्ह बँकेपुढे आजही आहे.

वाचताना प्रत्येक लेखकापाशी विचारा: त्या साली भांडण कशावरून होतं, पैसे कुणाच्या खिशातून जाणार होते, आणि लेखक कशाला चांगलं मानून चाललाय? तिसऱ्याचं उत्तर बहुधा व्याख्येत दडलेलं असतं. कौटिल्य अर्थ म्हणजे माणसांची उपजीविका म्हणतो, पण शास्त्र मात्र भूमी मिळवण्या-राखण्याचं सांगतो. म्हणजे बोलणं राजाशी. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ रॉबिन्स 1932 मध्ये साध्यं दिलेली धरून फक्त अपुऱ्या साधनांच्या वाटपाबद्दल बोलतो. साध्यं कुणी ठरवली हे शास्त्राबाहेर ठेवणं, हीसुद्धा एक भूमिकाच.

संप्रदायांचा तक्ता करून सुरुवात करू नका. त्याने रिकार्डो आणि मार्क्स दोन कप्प्यांत जातात, आणि श्रममूल्याचा (वस्तूचं मूल्य तिच्यातल्या श्रमावरून ठरतं, या कल्पनेचा) धागा एकाकडून दुसऱ्याकडे गेलाय हेच दिसेनासं होतं. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या आंबेडकरांच्या समग्र वाङ्मयाचा सहावा खंड (इंग्रजी) मिळवा आणि रुपयावरच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण आधी वाचा. रुपया अस्थिर झाल्यावर कुणाला काय भोगावं लागलं, ते तिथे आहे. मग मागे वळून पहिली दोन.