कानस, गुण्या आणि दोन भाषांचे पेपर

निकाल लागले की या सदराकडं पत्रांचा ढीग येतो. यंदाही आला. बहुतेकांचा प्रश्न एकच, "पोराचं पुढं काय करायचं?" मी आयटीआयमध्ये २८ वर्षं फिटर ट्रेड शिकवला. त्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चार वर्षं बेंचवर उभी राहून काम केलं. तेवढ्या शिदोरीवर उत्तरं देते. जागेअभावी चारच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मॅडम, माझ्या मुलाला दहावीत ६४ टक्के मिळाले. त्याला कळंब्याच्या आयटीआयमध्ये फिटर करायचंय. माझे दीर शिरोली एमआयडीसीत कामाला आहेत. सुट्टीत त्यांच्याबरोबर जाऊन त्याला गोडी लागली. पण ह्यांचं म्हणणं, आयटीआय म्हणजे नापास पोरांचं, गपचूप अकरावी सायन्सला जा. बारावी नसली तर भरतीला बसता येत नाही, पुढं शिकता येत नाही, सोयरिकीतसुद्धा विचारतात. बापलेकांचं बोलणं बंद झालंय. मी काय सांगू?
— एक आई, हातकणंगले तालुका

उत्तर : ताई, आधी ह्यांच्या काळजीचं बघू, कारण ती काळजी खरी आहे. हातात चांगली कला असून 'बारावी' या एका शब्दावर अडलेली पोरं मी पाहिली आहेत. पण आता दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालेल्या मुलाला बारावीची समकक्षता मिळते. त्यानं राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेला दोन भाषा विषय घेऊन बसायचं. बाकीच्या विषयांच्या जागी आयटीआयचे विषय धरले जातात. मंडळाच्या भाषेत याला 'ट्रान्सफर ऑफ क्रेडिट' म्हणतात. फिटर दोन वर्षांचा आहे, म्हणून त्याला हे लागू होतं. वेल्डरसारख्या एक वर्षाच्या ट्रेडला होत नाही. ट्रेड निवडताना हा फरक घरात सगळ्यांना माहीत पाहिजे.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसरं वर्ष. माझ्या हाताखालचा एक मुलगा असाच पायरी पायरीनं चढत गेला आणि आज डिझाइनमध्ये आहे. ड्रॉइंग हातात आलं की त्याला ते डोळ्यांपुढं उभं राहिलेलं दिसतं, कारण तो भाग त्यानं कधीतरी स्वतः कानसलेला असतो.

हे सगळं कागदावर आहे आणि खरं आहे. तरी माझ्या शेवटच्या तुकडीतल्या वीस पोरांपैकी दोन भाषांचा फॉर्म चौघांनीच भरला. बाकीच्यांना मी वर्गात सांगितलं, फळ्यावर लिहिलं, घरी फोनसुद्धा केले. पण बारावीचे फॉर्म निघतात साधारण दिवाळीच्या आसपास. तोवर पोरगं एमआयडीसीत लागलेलं असतं, महिन्याचे पैसे घरात यायला लागलेले असतात, मग मराठी-इंग्रजीचं पुस्तक कोण उघडतंय? पाच वर्षांनी तोच मुलगा माझ्याकडं येऊन विचारतो, "बाई, आता भरता येईल का?" म्हणून ताई, हे काम तुमच्याकडं घ्या. पोरगं दुसऱ्या वर्षाला गेलं की त्याच्या निदेशकांना, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्या सरांना, भेटून फॉर्मची तारीख विचारा आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

सरकारनं २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आणला. त्यात शिकण्याचं एक वर्ष १२०० तासांचं आणि त्याचे ४० क्रेडिट (श्रेयांक), म्हणजे ३० तासांना एक. शाळेतला तास आणि वर्कशॉपमधला तास एकाच मापानं मोजायचा, हा त्यामागचा विचार. मला तो मनापासून पटतो. आमच्या वर्कशॉपमधल्या आठ तासांना कुणी 'शिक्षण' म्हणायला तयार नव्हतं, ते दिवस मी काढलेत.

आता 'नापास पोरांचं' या बोलण्याबद्दल. फिटरला दहावी पास लागते आणि प्रवेश गुणांच्या यादीनं होतो. पण ह्यांना यादीपेक्षा पहिला महिना दाखवायला हवा. पहिल्या महिन्यात आम्ही पोराच्या हातात लोखंडाची एक चपटी पट्टी आणि एक कानस देतो, बास. व्हाइसमध्ये पट्टी आवळायची आणि कानसत राहायचं. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड येतात. मग पट्टीवर गुण्या, म्हणजे काटकोन बघायची पट्टी, लावायचा आणि खिडकीच्या उजेडाकडं धरायचं. गुण्या आणि लोखंडाच्या मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा व्हाइसवर. घाई करणाऱ्याची पट्टी मधे फुगते आणि कडांना उतरते, कारण कानस पुढं जाताना त्याचे हात वरखाली होतात. कुणाला आठ दिवस लागतात, कुणाला वीस. ज्या दिवशी उजेड दिसायचा थांबतो, त्या दिवशी पोराचा चेहरा बघायला त्याच्या वडलांना बोलवावं असं मला दरवर्षी वाटायचं. पुढं व्हर्नियर या मापकावर ०.०२ मिलिमीटर वाचायचं, ड्रॉइंगवरून कोन काढायचा, हे सगळं गणितच आहे. नापास डोक्याला ते जमत नाही.

अकरावी सायन्स वाईट नाही. पण ते मुलाला हवं असेल तर. तुमच्या मुलानं सुट्टीत काकाच्या मागं जाऊन स्वतःचं मन ओळखलंय. सोळाव्या वर्षी एवढं ओळखणारी मुलं कमी असतात. ह्यांना घेऊन एकदा आयटीआयमध्ये जा. फिटरचं वर्कशॉप बघायचंय म्हणून सांगा, कुणी नाही म्हणणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी टर्नर पास आहे. एका कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून लागून सात महिने झाले. लेथ मशीनला एकदाही हात लावू दिला नाही. कास्टिंग (ओतीव भाग) ट्रॉलीत भरायचं आणि ग्राइंडिंग मारायचं, एवढंच काम. आठवड्यातून दोनदा डबल ड्युटी करायला लावतात. पैसे नगावर देतात. कराराचा कागद मागितला तर म्हणतात, "सगळं ऑनलाइन आहे." बोललो तर काढून टाकतील अशी भीती वाटते.
— २० वर्षांचा वाचक, करवीर तालुका

उत्तर : बाळा, आज घरी गेलास की पहिलं काम पासबुक भरून आण. राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देतं. ऑगस्ट २०२३ पासून तो थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. सात महिन्यांत तसा एकही रुपया आलेला नसेल, तर ॲप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर तुझ्या नावानं लॉगिन करून करार दिसतो का ते बघ. कराराला नंबर असतो. तो वहीत उतरवून घे.

हा नंबर सगळ्याच्या मुळाशी आहे. शिकाऊ उमेदवारीचा, म्हणजे ॲप्रेंटिसचा, कायदा १९६१ चा आहे आणि त्याचा पायाच करार आहे. करार नसेल तर त्यांनी तुला 'ॲप्रेंटिस' म्हणून उपयोग नाही. मग तू कामगार आहेस आणि कामगाराचं किमान वेतन तुझा हक्क आहे. करार असेल तर कायदा तुझ्या बाजूनं स्पष्ट बोलतो. शिकाऊ उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत. ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी सल्लागाराच्या परवानगीशिवाय जादा वेळ काम करून घेता येत नाही. आयटीआय पास उमेदवाराला २०१९ च्या नियमांनी पहिल्या वर्षी महिना ७००० रुपये हा किमान आकडा ठरवलाय. २०२५ च्या मे महिन्यात केंद्रीय ॲप्रेंटिसशिप परिषदेनं विद्यावेतन ३६ टक्क्यांनी वाढवायची शिफारस केली, म्हणजे शिक्षणानुसार ठरलेले ५००० ते ९००० चे आकडे ६८०० ते १२,३०० व्हावेत अशी. तुझ्या करारात काय आकडा लिहिलाय तो वाच आणि हातात पडतो त्याच्याशी ताडून बघ.

ग्राइंडिंगबद्दल एक सांगते, रागावू नकोस. टर्नरनं महिनाभर फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करण्याला, काढावा, याच्या मी विरोधात नाही. कास्टिंगच्या कातडीखाली वाळूचा खडा राहिला तर पहिल्याच कटला टूलचं टोक उडतं. ज्यानं ती कातडी हातानं घासली आहे, त्याला लेथवर आवाजावरून कळतं की इथं काहीतरी अडतंय. पण महिना वेगळा आणि सात महिने वेगळे. सात महिने म्हणजे शिकवणं नव्हे, ते पोराचं वर्ष खाणं आहे. आणि ग्राइंडर चालवताना गॉगल, बूट नसेल तर काम सुरू करू नकोस. सुरक्षेचे कारखान्याचे नियम ॲप्रेंटिसलाही लागू आहेत आणि इजा झाली तर भरपाईही लागू आहे.

भांडायला जाऊ नकोस. एक साधी वही घे. रोज तारीख, पाळी, काय काम केलं, किती तास, एवढंच लिही. पंधरा दिवस झाले की ती वही घेऊन आयटीआयमधल्या बीटीआरआय (ॲप्रेंटिसच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या) केंद्रात जा. तिथले सहायक प्रशिक्षणार्थी सल्लागार याच कामासाठी असतात. एकटा जाऊ नकोस, तुझ्या जुन्या निदेशकांना बरोबर घे. ते येतील. मी अशी कितीतरी वेळा गेले आहे, आणि बऱ्याच ठिकाणी सल्लागारांचा एक फोन गेल्यावर पोरगं दुसऱ्या दिवशी मशीनवर उभं राहिलंय.

मी कागदासाठी एवढी का मागं लागते ते सांगते. माझा धाकटा भाऊ पंधराव्या वर्षी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये लागला. इंजिनाचे सुटे भाग करायचा. आटे पाडायला त्याचा हात असा की शेजारच्या शेडमधले मिस्त्री अवघड जॉब घेऊन त्याच्याकडं यायचे. बावीस वर्षं त्यानं काढली. शेड बंद पडली तेव्हा त्याच्याकडं दाखवायला एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. नवीन ठिकाणी गेटवरच्या माणसानं विचारलं, "सर्टिफिकेट?" त्यानं हात पुढं केले. ते हात कुणी बघितले नाहीत. सहा महिने तो घरात बसून होता आणि आमच्या आईनं त्याच्यासमोर कामाचा विषय काढणं सोडून दिलं होतं. शेवटी माझ्या आग्रहानं अनुभवावर खासगी उमेदवार म्हणून तो ट्रेडच्या परीक्षेला बसला. विशीतल्या पोरांच्या रांगेत, चाळिशीला टेकलेला. थिअरीनं त्याला घाम फोडला. प्रॅक्टिकलच्या दिवशी परीक्षक त्याच्या मशीनपाशी येऊन थांबले आणि बराच वेळ हलले नाहीत. आज तो नोकरीत आहे. पण ती बावीस वर्षं कुठल्याच कागदावर नाहीत, त्याचा पगार नवशिक्याच्या जागेपासून सुरू झाला. तुझी सात महिन्यांतच नोंद व्हावी म्हणून एवढं लिहिलं.

प्रश्न : माझं यादवनगरला छोटं मशीन शॉप आहे, नऊ माणसं कामाला. माणूस मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही. मला ॲप्रेंटिस घेता येईल का? की ते मोठ्या कंपन्यांसाठीच आहे?
— एक लघुउद्योजक

उत्तर : घेता येईल, दादा. ३० किंवा जास्त माणसं असतील तर घेणं बंधनकारक आहे, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते २९ च्या दरम्यान असाल तर तुमच्या इच्छेवर आहे. पोर्टलवर नोंदणी करा, एका मुलापासून सुरुवात करा. वरच्या पत्राचं उत्तर मात्र जरूर वाचा. स्वस्तातला हमाल हवा म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. मुलगा टिकत नाही असं म्हणता, तर त्याला दर दोन महिन्यांनी नवीन मशीन द्या. पोरं पगारासाठी सोडून जातात हे खरं, पण शिकायचं थांबलं की त्याच्याही आधी जातात.

प्रश्न : मी सातवीचा वर्गशिक्षक. नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शाळा आणि स्थानिक कारागिरांकडून शिकणं सांगितलंय. आमचं गाव डोंगराकडचं. इथं कारखाना नाही. मुलांना एमआयडीसीत न्यायला गाडीचा खर्च परवडत नाही. काय करावं?
— एक शिक्षक, शाहूवाडी तालुका

उत्तर : सर, गाडी कशाला? धोरणातच सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, कुंभारकाम यांची नावं आहेत. ही माणसं तुमच्या पंचक्रोशीत आहेत. कारखान्यात नेलेली चाळीस मुलं रांगेनं फिरतात आणि खाऊचा पुडा घेऊन परत येतात.

सुगी संपली, गुऱ्हाळं पेटली की मुलांना तिकडं न्या. गुळव्या तापमापक न लावता पाक ओळखतो. काहिलीतला थोडा पाक थंड पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि मग "उतरवा" म्हणतो. मुलांच्या हातात वही द्या. रस ओतल्यापासून काहील उतरेपर्यंत दर दहा मिनिटांनी रंग कसा बदलला, फेस कसा होता, जाळाला चिपाड किती लागलं हे लिहू द्या. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावरून आलेख काढा. विज्ञान, गणित आणि निबंध तिन्ही त्यात आलं. आणखी एक दिवस गवंड्याचा ठेवा, ओळंबा आणि पाणसाळ मुलांच्या हातात देऊन.

दोन गोष्टी सांभाळा. काहिलीपासून मुलं चांगली लांब उभी करा, उकळता पाक अंगावर उडाला तर चिकटून बसतो. आणि गुळव्याला आधी जाऊन भेटा, शिकवण्याचं मानधन शाळेकडून मंजूर करून घ्या, आणि ते सगळ्या मुलांच्या देखत, 'गुरुजी' म्हणून त्याच्या हातात द्या.