टोपणनाव पडते, बिरुद मिळते

दादरच्या एका वाचनालयातील प्रश्नमंजूषेसाठी क्रीडाविभाग तयार करणाऱ्या शिक्षिकेने विचारले आहे की, ‘टोपणनावाने ओळखले जाणारे मुष्टियोद्धे’ या शीर्षकाखाली अली, कॅनेलो, शुगर रे, ब्राउन बॉम्बर आणि मेरी ही नावे एकत्र घेतली तर चालतील का. माझ्या मते चालणार नाहीत. मराठीत टोपणनाव ‘पडते’, बिरुद ‘मिळते’ आणि मग ते ‘मिरवले’ जाते, तर नाव ‘घेतले’ किंवा ‘धारण केले’ जाते. या क्रियापदांनीच आपल्या भाषेने तिन्हींतला भेद नेमका सांगून ठेवला आहे.

टोपणनाव मूळ नावाला झाकून त्याच्या जागी बसते. शिवाजी पार्कच्या कठड्यावर बसून ‘तेंडल्याने काय मारला होता!’ असे म्हणणाऱ्याला सचिन किंवा तेंडुलकर म्हणण्याची गरज पडत नाही. बिरुद मात्र नावाच्या पुढे चालते, जसे हिंदकेसरी मारुती माने. म्हणून शंका आली की त्या शब्दाला एकट्यालाच विभक्तिप्रत्यय लावून पाहावा. ‘कॅनेलोने सामना जिंकला’ हे वाक्य सहज उभे राहते. सॉल अल्वारेझला हे नाव त्याच्या लालसर केसांवरून पडले, कारण स्पॅनिशमध्ये दालचिनीला ‘कॅनेला’ म्हणतात. याउलट ‘ब्राउन बॉम्बरने सामना जिंकला’ असे लिहिले तर मराठी वाचक ‘जो लुई’ या मुष्टियोद्ध्याचे नाव शोधू लागतो, म्हणून ते बिरुदच. मार्व्हिन हॅग्लरने मात्र ‘मार्व्हलस’ हे बिरुद 1982 मध्ये कायदेशीररीत्या आपल्या नावातच सामील करून घेतले. असे उदाहरण विरळाच.

‘अली’ला टोपणनाव म्हणणे मला सर्वांत जास्त खटकते. कॅशियस क्ले याने 1964 मध्ये मुहम्मद अली हे नाव धर्मश्रद्धेने धारण केले. 1967 मध्ये ह्यूस्टनच्या लढतीआधी एर्नी टेरेल त्याला ‘क्ले’ म्हणत राहिला, तेव्हा अलीने प्रत्यक्ष लढतीत त्याला ठोसे मारत ‘माझे नाव काय?’ असे पुनःपुन्हा विचारले. ज्या नावासाठी माणूस असा झगडला, ते ‘पडलेले’ कसे म्हणावे?

‘शुगर रे’ची अडचण निराळी आहे. वॉकर स्मिथ हा दुसऱ्या एका मुष्टियोद्ध्याच्या ओळखपत्रावर खेळला आणि त्याचेच ‘रे रॉबिन्सन’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. पुढे ‘शुगर’ जोडले गेले. नंतर 1976 चा ऑलिंपिक विजेता रे लेनर्ड हाही ‘शुगर रे’ झाल्यामुळे, आडनावाशिवाय नेमका कोण ते कळत नाही.

राहिली मेरी. मांगते चुंगनेइजांग या मणिपुरी मुलीने उच्चारायला सोपे म्हणून ‘मेरी’ हे नाव घेतले, आणि ‘कोम’ हे तिच्या जमातीचे नाव आहे. त्यामुळे ‘मेरीने लंडनमध्ये 2012 साली कांस्यपदक जिंकले’ हे बरोबर आहे, पण तेंडुलकरने, गावसकरने या चालीवर ‘कोमने पदक जिंकले’ असे लिहिणे म्हणजे एका व्यक्तीला सबंध जमातीचे नाव देणे होय. आपल्या यादीला ‘एकाच नावाने ओळखले जाणारे मुष्टियोद्धे’ असे शीर्षक द्यावे आणि तिच्यात अली, कॅनेलो व मेरी ठेवावेत. ब्राउन बॉम्बरसाठी बिरुदांचा प्रश्न वेगळा काढावा.