91, 68, 44... पुढे काय?

"मॅडम, दहावीत 91 होते. अकरावीच्या पहिल्या चाचणीत 68, सहामाहीत 44. असंच राह्यलं तर बारावीत पोरगं गेलंच ना जी!" नागपूरच्या मानेवाड्याहून आलेल्या आईने वहीत खरोखर रेघ आखून आणली होती.

माहीत आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधणं म्हणजे बहिर्वेशन. किराण्याचं बजेट आपण तसंच करतो. पण ज्या कारणाने आकडे हलले ते पुढेही टिकेल, हे त्यात गृहीत असतं. नागपूरचंच घ्या. सरासरी कमाल तापमान मार्चात 36, एप्रिलात 40, मेमध्ये 43च्या आसपास. रेघ ओढत नेली तर जुलैत 49-50 व्हायला हवं. असतं 32च्या घरात, कारण जूनच्या मध्यावर पाऊस येतो. रेघेला पाऊस दिसत नाही.

मग त्या आईचीच रेघ पुढे नेली: 20, मग उणे 4. बोर्डात उणे गुण नसतात, हे पाहून ताई हसल्या.

खरी गोची मापात होती. दहावीचे 91 म्हणजे सहापैकी उत्तम पाच विषय, त्यात अंतर्गत गुण धरलेले. चाचणीत चार विषय, प्रत्येकी 25. अंतर्गत काही नाही. सहामाही प्रत्येकी 50ची. तीन मापं, एक रेघ! म्हणून 91 खोडले. उरले दोन बिंदू, आणि दोन बिंदूंमधून रेघ नेहमीच जाते. तिच्यावर विसंबता येत नाही.

मग 44 टक्के फोडले: जीवशास्त्र 32, रसायन 26, गणित 16, भौतिक 14. भौतिकच्या पेपरात आकडेमोडीचे प्रश्न कोरे होते, कारण वेक्टर (दिशा असलेल्या राशी) आणि डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) कच्चे. घसरण मुलाची नव्हती, दोन विषयांची होती.

अंदाज मात्र टाकून दिला नाही, एकाच परीक्षेपुरता ठेवला. काहीच न बदलल्यास पुढच्या 25च्या चाचणीत या दोन्ही विषयांत 6 ते 9, असं तारखेसह लिहून ठेवलं. एक नेमका आकडा लिहिला नाही; एवढ्या माहितीवर तो खोटाच ठरतो. बदल एकच: तीन आठवडे रोज 40 मिनिटं वेक्टर-डेरिव्हेटिव्ह, मोबाईल दुसऱ्या खोलीत.

भौतिकमध्ये 12 आले. गणितात 8, रेघ म्हणाली तिथेच. आता गणिताचा पेपर प्रश्नागणिक तपासायला घेतला आहे.